लाल पट्टीच्या अलीकडे

हेडफोनला कानाशी टेकणाऱ्या स्पंजच्या गाद्या असतात. त्या दोन वर्षं दहा-बारा माणसांनी वापरल्या की त्यांच्यावर काय साचतं, ते मला कुणी विचारू नये. खोबरेल तेल, घाम, कानातला मळ आणि धूळ यांचा एक काळा चिकट थर बसतो आणि त्याला वास येतो. रोज सकाळी कामावर आले की मी आधी स्पिरिटचा बोळा घेऊन तो थर काढायची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या, सत्तावीस वर्षांच्या, लग्न झालेल्या बाईचं दिवसातलं पहिलं काम हे. अजूनही कुणी आपला हेडफोन माझ्यापुढे धरला तर मी आधी त्याच्या गाद्या उलटून बघते.

नोकरी सोलापुरातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत होती. सत्याहत्तर साल असेल. मालक मूळचे फोटोग्राफर. लग्नामुंजीचे फोटो काढून हात सुधारल्यावर त्यांनी सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आणि आवाजासाठी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एका खोलीत माइक, दुसरीत यंत्रं, मधल्या भिंतीत जाड दुहेरी काच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरींचे तुकडे ठोकले होते. कारखान्यातून वजनावर आणलेले, रंग चुकलेले, नक्षी सरकलेले. पावसाळ्यात ते ओल धरायचे आणि दोन्ही खोल्या कुबट वासाने भरून जायच्या. त्यात मालकांच्या तोंडात दिवसभर तंबाखू. थुंकायला वाळू भरलेला बिस्किटांचा डबा होता. बोलता बोलता ते तो डबा पायानेच जवळ ओढायचे आणि वाक्य पुरं करायच्या आधी त्यात पिंक टाकायचे. मी त्यांच्याशी बोलताना कायम त्या डब्यापासून चार हात लांब उभी राहायची.

आधी आमच्याकडे थिएटरात पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींचे आवाज व्हायचे, नाहीतर रिक्षातून गावभर ओरडत फिरायच्या घोषणा. मग मालकांनी मुंबईला कुणाकुणाच्या ओळखी काढल्या आणि तिथल्या टीव्ही केंद्रासाठी शेतीवरच्या छोट्या फिल्मा करायचं काम मिळवलं. फिल्म मालक काढणार, निवेदन आणि आवाज आम्ही टेपवर जुळवून देणार. सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. आम्ही ज्याचा आवाज करत होतो ते आमच्यापैकी मालक सोडून कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि मालकांनीही एकदाच, एका नातेवाइकाच्या घरी, दारात उभं राहून पाहिलं होतं.

आवाज जुळवायचं काम आण्णांचं. पन्नाशीचा माणूस, गावाच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बावीस वर्षं त्यांनी मिलमध्ये मागावर काढली होती. ॲम्प्लिफायर आणि कर्ण्यांचा त्यांना पहिल्यापासून नाद. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत आण्णांनी कर्णे बांधले की निम्म्या गावाला शब्दन् शब्द कळायचा, असं लोक सांगायचे. ते ऐकूनच मालकांनी त्यांना बोलावलं आणि आण्णांनी मिलमधली कायम जागा सोडली. ती जागा एकदा सोडली की परत मिळत नाही. परत गेलात तर सकाळी गेटवर बदली कामगारांच्या रांगेत उभं राहायचं, आणि पन्नाशीच्या माणसाला त्या रांगेतून कुणी आत घेत नाही. स्टुडिओ सुटला असता तर आण्णांना दुसरं काही नव्हतं. हे मालकांना माहीत होतं आणि मलाही.

माझं काम कागदाचं. कुठल्या टेपवर काय आहे, कुठे सुरू, कुठे बंद, काटा कुठवर गेला, हे सगळं तक्त्यात लिहायचं आणि खाली आण्णांची सही घ्यायची.

पहिल्या महिन्यात मला आण्णांचा भयंकर राग आला होता. हा माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मी काही सांगायला लागले की त्याची नजर माझ्या ओठांवरून हलायची नाही. मी पदर ओढून तोंडापुढे धरला, तर म्हणाले, "जरा पदर काढा की, ताई. असं कसं बोलायचं?"

माझं डोकंच फिरलं. केस पांढरे झाले तरी पुरुषांची ही खोड जात नाही, असं मनाशी म्हणत मी तिथून निघून गेले. पुढचे काही दिवस त्यांना जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, काम केलं, तक्रार केली नाही.

मुंबईहून कामाबरोबर नियमांचं एक इंग्रजी पत्रक आलं होतं. यंत्राच्या तोंडावर एक छोटं काचेचं खिडकीवजा मीटर असतं. त्यात काटा नाचतो. शून्यापर्यंत पट्टी काळी, शून्यापुढे लाल. नियम असा की बोलण्याचा आवाज शून्याच्या आसपास खेळला पाहिजे, लाल पट्टीत शिरता कामा नये. फार खाली राहिला तर टेपची खरखर वर येते, फार वर गेला तर फुटतो. पत्रकात शेवटी लिहिलं होतं की एक कार्यक्रम संपून दुसरा लागला म्हणून घरात बसलेल्या माणसाला उठून बटण फिरवावं लागू नये. मला ते वाक्य फार आवडलं. आमच्या गावात प्रत्येक बटण शेवटपर्यंत पिळून ठेवायची पद्धत. हॉटेल असो, देऊळ असो, बारसं असो, आवाज कमी ठेवला तर लोकांना वाटायचं यजमानांकडे वीज कमी आहे.

पहिली फिल्म माढ्याकडच्या उसावर होती. आण्णांनी ती जत्रेच्या हिशेबानं जुळवली. काटा लाल पट्टीत जाऊन तिथेच राहायला आला. टेप परत आली. आण्णांनी पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, खडूने मीटरच्या काचेवर शून्यापाशी रेघ मारली आणि म्हणाले, "काट्याचं काय, आपण सांगू तितं थांबतोय. आता बगा तुमी."

दुसरी फिल्म वैरागच्या बाजारावर, ज्वारीच्या भावावर. या वेळी काटा रेघेच्या पुढे एकदाही गेला नाही. मी स्वतः शेजारी बसून बघितलं, तक्त्यात तसं लिहिलं. तरी टेप परत आली. बरोबर दोन ओळी होत्या: पातळी बरोबर आहे, पण आवाज कर्कश आहे, स, श, च ही अक्षरं टोचतात आणि फुटतात.

मालकांनी डबा पायाने ओढला, पिंक टाकली आणि म्हणाले, "आण्णा, तिसरी टेप परत आली तर मुंबईचं काम जातंय. आणि मुंबईचं काम गेलं तर तुम्ही तुमचं बघा."

बावीस वर्षं सोडून आलेल्या माणसाला दातात तंबाखूचा तुकडा अडकलेला असताना हे सांगायचं. आण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

तिसरी फिल्म मेंढरांवर. नैऋत्येकडच्या कोरड्या तालुक्यातलं एक मेंढपाळ कुटुंब होतं; त्यांच्या बरोबर मालक तीन दिवस हिंडून फिल्म आणि टेप घेऊन आले होते. कळपापुढे चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात एक बारकी घंटी होती. टेपवर ती सुरेख आली होती, लांबून येणारी, नाजूक. आण्णा हेडफोन लावून बसले आणि बारीक आवाज वाढवणारं, वरच्या पट्टीचं बटण फिरवायला लागले.

"घंटी कुटं हाय?" ते स्वतःशीच म्हणाले. "मेंढक्या तर सांगत हुता, बांदलीय म्हून."

स्पीकर चालू होता. घंटी आता कानात सुई घातल्यासारखी वाजत होती. निवेदकाचा प्रत्येक स शिटी मारत होता. आणि मीटरचा काटा शून्याच्या अलीकडे शांत डुलत होता. मी आण्णांच्या मागे फडताळापाशी उभी होते. "आण्णा, पुरे," मी म्हणाले. त्यांनी बटण आणखी वर नेलं. मी दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणाले. तिसऱ्यांदा ओरडले. त्यांच्या पाठीला काही कळलं नाही. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पुरे." त्यांनी ताबडतोब हात काढला.

मला थोडं थोडं समजायला लागलं, पण खात्री हवी होती. मी काचेपलीकडच्या खोलीत गेले, दार लावलं, माइक बंद असल्याचं पाहिलं. त्या काचेतून आवाज जात नाही. तिथे ओरडलं तरी इकडे मुंगीलाही कळत नाही. आण्णांनी वर पाहिलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. "आण्णा, चहा आला."

आण्णांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. चहावाला दिसेना म्हणून परत माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवून विचारलं, कुठे?

हा माणूस माझ्या ओठांकडे का बघत होता ते तेव्हा कळलं, आणि मी त्याच्याबद्दल मनात काय काय म्हणाले होते ते सगळं आठवलं. मागाच्या खात्यात आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं कानाने ऐकायची सोयच नाही. तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. वीसेक वर्षांत कानाचा बारीक आवाज ऐकणारा भाग निकामी होतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण बोलणं तर सगळं समजतंच. घरी बायको, भाऊ, शेजारी, सगळे मागावरचेच. सगळे तोंडाकडे बघून बोलणारे. आण्णांना जाड आवाज येत होते. घंटी, स, श, च हे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते, म्हणून ते पोचेपर्यंत बटण वर न्यायचे. आणि काटा त्यांना सावध करू शकत नव्हता. तो काटा जड असतो. क्षणभर टोचून जाणारा आवाज त्याला उचलून धरायच्या आत निघून जातो. तो फक्त कानाला कळतो, कान धड असेल तर.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आण्णांनासुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं मी फार मोठं मन दाखवतेय.

आण्णा दुपारी बाराला जेवायला घरी जायचे आणि तीनला यायचे. मालक त्या वेळात घरी झोपायचे. त्या तीन तासांत मी दार लावून घ्यायची, निवेदनाची, संगीताची आणि बाहेरच्या आवाजाची अशा तिन्ही टेपा पुन्हा चढवायची आणि सगळं नव्याने जुळवायची. आण्णा प्रत्येक बटणाची जागा खडूच्या खुणेने दाखवून ठेवत, मागावरच्या माणसांना ती सवय असते. काम झाल्यावर मी सगळी बटणं त्यांच्या खुणांवर परत नेऊन ठेवायची. त्यांची टेप फडताळामागे, माझी टेप डब्यात, आणि तक्त्याखाली सही त्यांची.

मेंढरांची फिल्म पास झाली. पुढची झाली, त्यापुढची झाली. मुंबईहून एकदा लिहून आलं की आवाजाची बाजू विशेष चांगली आहे. मालकांनी पेढे आणले, आण्णांना हार घातला. त्यानंतर कुणीही पाहुणा आला की मालक त्याला यंत्रांच्या खोलीत घेऊन येत आणि तंबाखू मळलेल्या बोटांनी आण्णांच्या कानाची पाळी धरून हलवत.

"हा कान बघा," ते म्हणत. "अख्ख्या जिल्ह्यात असा कान नाही."

त्या ओलसर पिवळ्या बोटांत तो कान बघून मला शिसारी यायची. आणि आण्णांच्या तोंडावर हसू नाही, नकार नाही. मान खाली घालून यंत्राच्या चकत्या पुसत राहायचे. पहिल्यांदा मला त्यांची कीव आली. चौथ्या-पाचव्या वेळी आली नाही. जिथे जाईन तिथे लोक आण्णांच्या कानाचं कौतुक करत होते, अगदी माझ्या सासरीसुद्धा. मी तीन तास उपाशी बसून, घाणेरडा हेडफोन कानाला लावून जे करत होते ते या माणसाच्या नावावर चढत होतं आणि हा माणूस ते घेत होता. मी दिलेलं होतं हे खरं. पण आपण गुपचूप दिलेलं दुसऱ्याने गुपचूप घेतलं की राग येतो, हे मला तेव्हाच कळलं. माझ्या मोठ्या मनाचा वास यायला लागला होता, पण मला वाटत होतं तो त्या चादरींचाच आहे.

असे आठ महिने गेले.

मग मुंबईहून एक अधिकारी आले. ध्वनिविभागातले. चाळिशीचे, चकचकीत बूट, बोलणं मोजकं. आधीच्या फिल्मा चांगल्या झाल्या म्हणून केंद्राला मोठी मालिका द्यायची होती, आणि जो माणूस आवाज जुळवतो त्याला महिनाभर मुंबईला बोलावून शिकवायचं होतं. मालकांना घाम फुटायचा बाकी होता. त्यांनी त्या दिवशी डबा लपवला होता आणि तंबाखू गिळत होते.

अधिकारी आत आले तेव्हा आण्णा पाठमोरे बसून टेप लावत होते. "नमस्कार," अधिकारी म्हणाले. आण्णा वळले नाहीत. मालकांनी घाईने जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. मग आण्णा उठले, हात जोडले, अधिकाऱ्यांच्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. पण अधिकाऱ्यांनी ते पाहिलं होतं.

त्यांना माइकची खोली बघायची होती. आम्ही तिघे आत गेलो; ते, मालक आणि मी. दार लागलं. त्यांनी टाळी वाजवून आवाज घुमतो का पाहिलं, चादरींना हात लावला आणि तो हात रुमालाला पुसला. काचेपलीकडे आण्णा आपल्या जागेवर बसले होते.

"मिक्सिंग हेच करतात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हेच," मालक म्हणाले. "कान म्हणजे काय सांगू साहेब."

"त्यांना ऐकायला नीट येतं ना?"

मालक हसले, फार मोठ्याने. "काय साहेब, तुम्ही पण."

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तक्ते तुम्ही लिहिता. तुम्ही सांगा."

मी गप्प बसले असते तर त्या दिवशी काहीच झालं नसतं. कदाचित पुढे कधीतरी झालं असतं. किंवा "आपण आण्णांनाच विचारू" असं म्हणून दार उघडलं असतं तरी चाललं असतं. एवढं सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला फक्त मुंबई दिसत होती, धड यंत्रं असलेली स्वच्छ खोली, आणि माझं नाव लिहिलेला कागद.

"नाही येत," मी म्हणाले. "बहिरा आहे तो माणूस. आठ महिने सगळ्या टेपा मीच केल्यात. तो नुसता बसलेला असतो खुर्चीत, आणि बिनधास्त सही ठोकतो. त्याला लाज वाटत नाही, मलाच वाटते."

त्यांना मी आठ महिन्यांत एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. त्या खोलीत केलं, कारण दार बंद होतं.

मालकांचा चेहरा पडला. अधिकारी काचेकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. आण्णा खुर्चीत पुढे झुकून माझ्या तोंडाकडे बघत होते. आठ महिने ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने. मला ती काच, तो बंद माइक, तो चहा सगळं आठवलं. ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं आणि मीच विसरले होते. संताप येतो हे लिहिताना. रागाच्या भरात विसरले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण विसरले नसते तर तोंड वळवून तेच बोलले असते, एवढंच.

आण्णांनी यंत्र बंद केलं. आधी मोटर, मग वीज, नेहमीच्या क्रमाने. टेप काढून डब्यात घातली, डब्याला झाकण लावलं. आम्ही दार उघडून बाहेर आलो तेव्हा ते टोपी घालून उभे होते.

मालकांना आता अधिकाऱ्यांसमोर आपली बाजू सावरायची होती. ते आण्णांच्या अंगावर ओरडायला लागले, फसवलंत, खोटं बोललात, माझं नाव घालवलंत. तोंडातली तंबाखू त्यांना थुंकता येत नव्हती, ती हनुवटीवरून ओघळली. आठ महिने त्यांनी याच माणसाचा कान धरून पाहुण्यांना दाखवला होता. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि माझ्याकडे कुणी बघू नये असंही वाटत होतं. आण्णा शेवटपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मालक थांबले तेव्हा ते म्हणाले, "समजलं, मालक." आणि जिना उतरायला लागले.

मी त्यांच्या मागे धावले. मागून हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून चार पायऱ्या पुढे जाऊन समोर उभी राहिले. काय बोलणार होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. तेच बोलले.

"बटनं कुणीतरी हलवतंय ते मला पयल्याच म्हैन्यात कळलं हुतं, ताई," ते म्हणाले. "तुमी खुणंवर परत ठेवायच्या, पर केसभर इकडंतिकडं व्हायाचंच. मला वाटलं, ताई सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. बघा, तेव्हाही विचारत होते मीच.

"लाजलो की. मानूस लाजतंय." त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "माज्या तोंडावर सांगिटलं आस्तं तर म्या काय तुमचं वंगाळ केलं आस्तं? मी तर आठ म्हैनं तुमच्या तोंडाकडंच बगत बसलो हुतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मला रडू आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"चुकलं, आण्णा," मी म्हणाले. "माझं चुकलं."

हे मी भिंतीला सांगितलं. वळून पाहिलं तेव्हा ते खाली रस्त्यावर पोचले होते.